विसाचा आकडा

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझ्या बहिणीची नात चार दिवस आमच्याकडे बेळगावला राहावयास आली होती. ती परिचारिकेच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला आहे. मुलगी हुशार आहे आणि हुशार मुलींना असते तेवढी परीक्षेची धास्तीही तिला आहे. फराळाचे ताट पुरते संपते न संपते तोच ती सोप्यात जाऊन बसे आणि पुढेमागे झुलत श्वसनसंस्थेचे प्रकरण मोठ्याने घोकू लागे. नाक, घसा, स्वरयंत्र, श्वासनलिका, तिच्या दोन शाखा, त्यांच्या उपशाखा, शेवटी वायुकोश. आमच्या लहानपणी संध्याकाळी परवचा म्हणत तशी ती एका सुरात चालली होती. मी पलीकडे तांदूळ निवडीत बसले होते. पन्नासाहून अधिक वर्षांपूर्वी हीच नावे मी याच क्रमाने घोकली होती. शरीराच्या रचनेत मधल्या काळात काहीच फेरफार झालेला नाही, हे ऐकून मला उगाचच बरे वाटले.

थोड्या वेळाने पुस्तक माझ्या हाती देऊन ती म्हणाली, "आजी, आता तू विचार." मी चष्मा लावून विचारू लागले. उत्तरे खडाखड येत होती. उजव्या फुप्फुसाचे खंड किती? तीन. डाव्याचे? दोन. प्रौढ माणसाच्या श्वसनाची गती? मिनिटाला १२ ते २०. माझ्या मनात काय आले कोणास ठाऊक, पण मी पुस्तक मिटले आणि विचारले, "आणि माझी किती आहे?"

तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. फराळाच्या ताटातली शेवटची करंजी उचलत ती म्हणाली, "असेल सोळा-अठरा."

त्या 'असेल'ने माझा हात तांदळातच थांबला. हा शब्द माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. मी तो एकदा शाईने लिहिला आहे.

मी तिला रागावले नाही. तो अधिकार मला नाही, आणि का नाही ते पुढे सांगणारच आहे. मी तिला एवढेच म्हटले, "पुस्तक बाजूला ठेव. श्वास म्हणजे काय ते आधी आपण दोघी मिळून पाहू, मग तू त्याचे पाठांतर कर." आणि ती दुपार आम्ही हवेबरोबर प्रवास करण्यात घालवली.

हवा नाकातून आत शिरते. दाराशी पायपुसणे असावे तसे तेथे केस असतात, पुढे ओलसर अस्तर असते. धूळ तेथे अडते, आणि बाहेरची हवा कितीही कोरडी वा थंड असली तरी आत जाईतो ती ओली आणि उबदार होते. घशाशी मात्र मोठा धोक्याचा चौक आहे. तेथे अन्नाची वाट आणि हवेची वाट एकमेकींना छेदतात. घास गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते आणि त्याच्या तोंडावर एक पानासारखे झाकण लवते. जेवताना बोलू नये असे आमच्या आजी सांगत, त्यामागे शिष्टाचाराइतकीच या झाकणाचीही काळजी असावी. त्याची वेळ चुकली की ठसका लागतो, आणि आपण म्हणतो, कोणी तरी आठवण काढली. आठवण काढणारा कोणी असो वा नसो, त्या क्षणी शरीराने एक संकट परतवलेले असते.

त्याच्या खाली श्वासनलिका. लांबी १० ते १२ सेंटिमीटर, आणि आत कूर्चेची कडी. ही कडी पुरती गोल नसतात. घोड्याच्या नालेसारखी मागे उघडी असतात. पाठीमागे अन्ननलिका असते, मोठा घास उतरताना तिला फुगावयास जागा हवी, म्हणून. पुढे नलिका दुभंगते. उजवी शाखा डावीपेक्षा रुंद, आखूड आणि अधिक सरळ असते. म्हणूनच लहान मुलाने गिळलेला चिंचोका किंवा शेंगदाणा वाट चुकला तर बहुधा उजवीकडेच सापडतो. डाव्या फुप्फुसाने एक खंड कमी का घेतला, तर शेजारी हृदय राहते, त्याला जागा करून द्यावी म्हणून. हे मी सांगितले तेव्हा ती मुलगी प्रथमच हसली. तिने लिहून घेतले नाही, पण आता ती ते विसरणार नाही.

त्या शाखांना पुन्हा शाखा फुटतात, त्यांना पुन्हा शाखा, असे सुमारे २३ वेळा होते. गीतेत मुळे वर आणि फांद्या खाली असलेला अश्वत्थ सांगितला आहे. त्याचा अर्थ तत्त्वज्ञांनी काहीही लावो, मला मात्र तो नेहमी आपल्या छातीत उभा असलेला दिसतो. त्या झाडाची पाने म्हणजे वायुकोश. त्यांची संख्या ३० ते ५० कोटींच्या घरात जाते, आणि ते सारे उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा भरेल. "म्हणजे हा सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि वरची खोली धरून," मी तिला म्हटले. ती घराकडे पाहत राहिली. एवढे घर आपण छातीत घेऊन हिंडतो.

या वायुकोशांच्या भिंतीला लागूनच रक्ताच्या केसाहून बारीक वाहिन्या जातात. मधला पडदा इतका पातळ की हवेतला प्राणवायू रक्तात उतरतो आणि रक्तातला कर्बवायू हवेत येतो. आत घेतलेल्या हवेत प्राणवायू शेकडा २१ असतो, सोडलेल्या हवेत तो १६ च्या आसपास उरतो. म्हणजे आपण हवा पुरती पिळून घेत नाही. पाहुण्याने ताटात शितोडी ठेवावीत तसे पुष्कळसे तसेच परत करतो. श्वास थांबलेल्या माणसाच्या तोंडात आपण आपला श्वास फुंकतो तेव्हा त्याचा जीव वाचू शकतो, तो या उरलेल्या १६ भागांवरच.

आता गंमत अशी की फुप्फुसांना स्वतःचे बळ नाही. लोहाराचा भाता आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. भाता उघडला की हवा आत येते, मिटला की बाहेर जाते. हवेला कोणी हाताला धरून आत आणीत नाही. छातीच्या तळाशी घुमटासारखे श्वासपटल आहे. ते आवळले की खाली उतरते, बरगड्या वर आणि बाहेर सरकतात, आतली जागा वाढते, आणि वाढलेल्या जागेत हवा आपण होऊन येते. मला हे पहिल्यांदा समजले तेव्हा फार आश्चर्य वाटले होते. आपण समजतो की श्वास आपण ओढतो. वास्तविक आपण फक्त जागा करून देतो.

आणि या साऱ्यावर हुकूम कोणाचा? मेंदूच्या देठाशी एक केंद्र आहे. रक्तात कर्बवायू साचू लागला की ते अस्वस्थ होते आणि श्वास घ्यावयास लावते. ते झोपेत जागे असते, मूर्च्छेतही जागे असते. हृदयाला 'जरा थांब' म्हणून सांगता येत नाही, जठराला 'आज लवकर आटप' म्हणून सांगता येत नाही. पण श्वासाला सांगता येते. गाणारी तान लांबवते, पाणबुड्या श्वास कोंडतो, रडणारे मूल हट्टाने दम धरते. मात्र थोडाच वेळ. मग देठाशी बसलेला तो जुना कारभारी आपला हात सोडवून घेतो आणि कारभार पुन्हा हाती घेतो. श्वास हा असा आपला आणि आपला नव्हे, दोन्ही आहे. आमच्या भाषेने हे फार पूर्वी ओळखले असावे. ती धैर्याला दम म्हणते आणि थकव्यालाही दमच म्हणते. सुस्कारा, उसासा, धाप, हुंदका, निःश्वास, हे सारे श्वासाचेच प्रकार, पण प्रत्येकात मन मिसळलेले आहे. गोव्याकडच्या कोंकणीत 'उस्वास' म्हणतात, त्यातही मला नेहमी थोडे मनच ऐकू येते.

श्वास मोजण्याची अडचण याच दुपेडी स्वभावातून निर्माण होते. "तुमचा श्वास मोजते हं," असे रोग्याला सांगितले की तो बिचारा नीट श्वास घेऊ लागतो, आणि नीट घेतलेला श्वास त्याचा नसतो. म्हणून परिचारिकेला एक लबाडी शिकवली जाते. ती मनगट हाती घेते, नाडी मोजते, आणि नाडी मोजून झाल्यावरही मनगट सोडीत नाही. रोग्याला वाटते, अजून नाडीच चालली आहे. तिची नजर मात्र छातीवर किंवा पांघरुणाच्या चढउतारावर असते. पुरे एक मिनिट. एक चढ आणि एक उतार मिळून एक श्वास. आमच्या धंद्यातली ही एकच लबाडी मला पवित्र वाटते, कारण ती पूर्णपणे रोग्याच्या हितासाठी असते.

दुसरीही एक लबाडी आहे. ती आम्ही कोणी शिकवल्याशिवाय शिकलो होतो.

१९६८ साली मी परिचारिकेचे शिक्षण घ्यावयास एका रुग्णालयात दाखल झाले. त्याचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. दोष त्याचा नव्हता. आम्हांला शिकवणाऱ्या सिस्टर मूळच्या गोव्याच्या होत्या. त्या आमच्याशी मराठीत बोलत, पण राग आला किंवा माया आली की कोंकणीत उतरत, आणि दोन्हींतले काय आले आहे हे आम्हांला लवकर कळत नसे. पहाटे वॉर्डात येताच त्या आधी खिडक्या उघडीत. पावसाळ्यात बेळगावचा वारा बोचरा असतो. रोग्यांची माणसे फटींत चिंध्या कोंबून ठेवीत. सिस्टर त्या चिंध्या स्वतः काढीत आणि आम्हांला सांगत की फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ साली परिचर्येवर पुस्तक लिहिले तेव्हा पहिले प्रकरण औषधाला दिले नाही, हवेला दिले. रोग्याला गारठू न देता त्याच्या भोवतालची हवा बाहेरच्या हवेइतकी स्वच्छ राखणे, हा त्यांचा पहिला धडा.

दुसऱ्या वर्षी माझी पाळी स्त्रियांच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात लागली. खाटा ३२. दुपारी दोनला आणि संध्याकाळी सहाला सर्वांचा ताप, नाडी आणि श्वास तक्त्यावर भरावयाचे. थर्मामीटर लावावेच लागे. नाडी निदान अर्धा मिनिट तरी पाहिली जाई. श्वासाला पुरे मिनिट हवे. बत्तीस खाटा म्हणजे बत्तीस मिनिटे, आणि पुढे बेडपॅन, औषधे, ड्रेसिंगचा ट्रे हे सारे वाट पाहत असे. तेव्हा वरच्या वर्गातल्या मुली श्वासाच्या रकान्यात २० लिहीत. वीस हा मोठा सोयीचा आकडा होता. तो ना कमी, ना जास्त. त्याकडे पाहून कोणाची भुवई वर चढत नसे. त्यांचे पाहून मीही २० लिहू लागले. मी वाईट मुलगी होते असे मला वाटत नाही. घाईत होते, एवढेच.

अकराव्या खाटेवर खानापूरकडची एक बाई होती. वय पन्नाशीच्या पुढचे. आतड्याला पीळ पडला म्हणून तिचे पोट उघडावे लागले होते. शस्त्रक्रिया चांगली झाली होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्याजवळ गेले तेव्हा ती उशीवरून खाली घसरली होती आणि एका हाताने तिने खाटेची कड धरली होती. ताप थोडा होता, पण तो शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांना असतो. मी थर्मामीटर झटकत होते तेव्हा ती म्हणाली, "बाई, दम लागालाय बघा."

मी म्हटले, "पोट दुखतंय म्हणून तसं वाटतं. पडून राहा. सकाळी डॉक्टर येतीलच."

आणि मी २० लिहिले.

रात्रपाळीच्या परिचारिकेने तक्ता पाहिला असेल. त्यावर काळजी करण्याजोगे काहीच नव्हते. पहाटे चारच्या सुमारास त्या बाईचे ओठ निळे पडले तेव्हा धावपळ झाली, डॉक्टर आले, प्राणवायू लावला, पेनिसिलिनची मात्रा वाढवली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी न्यूमोनिया झाला होता.

तेथे काय घडले असेल ते मी पुढे वर्षानुवर्षे विद्यार्थिनींना फळ्यावर काढून दाखवले आहे. पोटावर ताजी जखम असली की श्वासपटल खाली उतरताना दुखते, म्हणून रोगी वरवर श्वास घेतो. खोकल्यानेही कळ येते, म्हणून खोकत नाही. फुप्फुसांचे तळ उघडत नाहीत, कफ तेथे साचतो, आणि साचलेल्या जागी रोग घर करतो. शरीर हा तोटा भरून काढण्यासाठी श्वासांची संख्या वाढवते, पण तो हिशेब आतबट्ट्याचा ठरतो. आपण एका वेळी सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यातली १५० नळ्यांतच राहते, कामाची उरते ३५०. मिनिटाला १४ श्वासांत ७००० घेतले, उपयोगी पडले ४९००. आता रोग्याने २५० चा उथळ श्वास मिनिटाला २८ वेळा घेतला, तर एकूण हवा तेवढीच, ७०००. पण नळ्यांची १५० प्रत्येक वेळी वजा होतेच, आणि हाती उरते फक्त २८००. दुप्पट कष्ट आणि मिळकत निम्म्याहून थोडी अधिक. त्या बाईला उठवून बसवले असते, जखमेवर उशी दाबून धरून खोकावयास लावले असते, तासातासाला दहा खोल श्वास घ्यावयास शिकवले असते, कूस बदलवली असती, डॉक्टरांना त्याच संध्याकाळी हाक मारली असती, तर? डॉक्टर मला नंतर म्हणाले, कदाचित तरीही वाचली नसती. तो 'कदाचित' त्यांनी दयेने दिला होता हे मी जाणते. तो मी अजून जपून ठेवला आहे, पण त्यावर कधी टेकले नाही.

त्या दुपारी तिची लेक कापडाच्या पिशवीत पेजेचा डबा घेऊन आली. तिला कोणी काही सांगितले नव्हते. मग सांगितले. रडून झाल्यावर ती माझ्यापाशी येऊन म्हणाली, "रात्री तुम्ही सगळी होता जवळ, म्हणून घोर नव्हता बघा मला." ते शब्द उपरोधाने आले असते तर मी सहन केले असते. ते कृतज्ञतेने आले होते.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी मला बोलावले. अकराव्या खाटेचा तक्ता त्यांच्यापुढे होता. श्वासाच्या रकान्यात २० चा आकडा ओळीने सहा वेळा होता. त्यातले दोन माझ्या हातचे. "हे वीस तू कुठून आणलेस?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "मोजले, सिस्टर." त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी छातीवर लावलेले आपले घड्याळ काढून माझ्या हातावर ठेवले, मला वॉर्डात नेले आणि पहिल्या खाटेपाशी स्टूल ओढून दिले. "बस गो. एक मिनूट बस."

मी बसले. मोजले. बावीस. दुसऱ्या खाटेपाशी अठरा. मग चौदा, सव्वीस, सोळा. सिस्टर माझ्याबरोबर खाटेमागून खाट चालत होत्या आणि माझा आकडा पाटीवर लिहीत होत्या. बत्तीस खाटांपैकी वीस निघाले फक्त तीन. अकराव्या खाटेवर एव्हाना नवी रोगी आली होती. तेथे पोचल्यावर मला आकडे दिसेनासे झाले. सिस्टर घड्याळाकडे न पाहता म्हणाल्या, "पुन्हा मोज. डोळे पुस आणि पुन्हा मोज." बत्तीस पुरे झाल्यावर मी आपण होऊन सांगितले की आधी मोजले नव्हते. त्यांनी मान हलवली. त्यांना ते तक्ता पाहतानाच कळले होते. माझ्या तोंडून ऐकण्यासाठी त्यांनी बत्तीस खाटा वाट पाहिली होती.

त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट समजली. स्टुलावर बसून मिनिटभर पाहिल्यावर संख्येखेरीज केवढे तरी दिसते. नाकपुड्या फुलत आहेत का, मानेचे स्नायू ताणले जात आहेत का, छातीच्या दोन्ही बाजू सारख्या उचलतात का, बोलताना वाक्य मध्येच तुटते का. श्वास वाढत वाढत जाऊन मग कमी होत थांबतो आणि पुन्हा सुरू होतो, त्या लयीला जॉन चेन आणि विल्यम स्टोक्स या डब्लिनच्या दोन वैद्यांची नावे आहेत. त्यातला चेनचा लेख १८१८ सालचा आहे. तेव्हा त्यांच्यापाशी कोणते यंत्र होते? रोग्याजवळ बसणे, एवढेच. अकराव्या खाटेवरच्या बाईच्या नाकपुड्या फुलत होत्या हे मला नंतर स्पष्ट आठवले. माझ्या डोळ्यांनी ते पाहिले होते. मी पाहिले नव्हते.

आता काळ बदलला आहे. बोटाला चिमट्यासारखे लावावयाचे यंत्र रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण क्षणात सांगते. त्यामागचे तत्त्व ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७० नंतरच्या दशकात शोधले. ते स्वतः २०२० च्या एप्रिलमध्ये वारले, नेमके साऱ्या जगात त्यांच्या यंत्राची शोधाशोध चालली होती तेव्हा. २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाची दुसरी लाट आली आणि आमच्या गल्लीतही घरोघरी ते यंत्र पोचले. लोक सकाळी एकमेकांना कुशल विचारण्याऐवजी आकडा विचारू लागले. एके दुपारी शेजारच्या सूनबाईंनी मला खिडकीतून हाक मारून सांगितले, "काकू, ह्यांचा पंचाण्णव आहे. ठीक आहे ना?" मी तोंडाला दुहेरी मास्क बांधून त्यांच्या उंबऱ्यापर्यंत गेले. तो पलंगावर टेकून बसला होता आणि मला म्हणाला, "काही नाही... काकू... बराय मी." माझी नजर त्याच्या पांघरुणावर होती. मी मनातल्या मनात मोजत होते. चौतीस.

यंत्र खोटे बोलत नव्हते. पण पंचाण्णव हा आकडा टिकवून धरण्यासाठी शरीर काय मोजते आहे, ते यंत्राला दिसत नाही. पुष्कळदा आधी श्वास वाढतो. तो थकला की मग यंत्रातला आकडा घसरतो. यंत्र मिळकत सांगते. तिच्यासाठी दिलेली किंमत श्वासांची संख्या सांगते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने खेड्यापाड्यांतल्या सेविकांना मुलांचा न्यूमोनिया ओळखावयास शिकवले ते मोजणीवरच: खोकला असलेल्या शांत मुलाकडे पुरे मिनिट पाहा, दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास ६० वा अधिक, वर्षाच्या आतील मुलाचे ५० वा अधिक, पाच वर्षांच्या आतील मुलाचे ४० वा अधिक असतील तर थांबू नका.

मी त्यांना म्हटले, "थांबू नका, आत्ता निघा." खाट मिळावयास रात्र झाली, पण मिळाली. एकोणीस दिवसांनी तो घरी आला. सूनबाई पेढे घेऊन आल्या तेव्हा मी एक पेढा घेतला आणि दुसरा मनातल्या मनात अकराव्या खाटेपाशी ठेवला. असल्या हिशेबात एक जमा झाला म्हणून एक उधार फिटत नाही, हे मला ठाऊक आहे. देवाच्या वहीत ही दोन खाती वेगवेगळ्या पानांवर असणार.

हे सारे मी त्या मुलीला सांगितले, ती लेकसुद्धा, तो पेजेचा डबासुद्धा. आजवर घरात कोणाला सांगितले नव्हते. ती बराच वेळ गप्प राहिली. मग पुढे सरकून तिने माझे मनगट हाती घेतले आणि दुसऱ्या हातावरच्या घड्याळाकडे पाहू लागली. अर्धे मिनिट झाले, पाऊण झाले. मनगट सुटले नाही. तिची नजर माझ्या पदराच्या चढउतारावर गेली आहे हे मला कळले, आणि झाले, माझा श्वास एकदम शहाण्यासारखा वागू लागला. आयुष्यभर दुसऱ्यांना चकवणारी मी. पण चकवून घेणे काही मला साधले नाही. दारात कोणीतरी पणत्या मांडीत होते. तांदूळ सुपात तसेच पडले होते.

"सोळा," ती अखेर म्हणाली. मग जरा थांबून: "पण तुला कळलं ना, आजी, मी मोजतेय ते?"

"कळलं."

"मग हे खरं नाही," ती म्हणाली आणि पुस्तकात बोट घालून पुन्हा झुलत बसली. "तू झोपलीस की मी परत मोजीन."